पुण्यात डिसेंबरच्या पहाटेच हवा एवढी खराब का होते, आणि बाबांनी फिरायला नेमकं कधी जावं

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सुतारवाडी-पाषाण भागात नुकतंच राहायला आलेलं कुटुंब आहे, एका बाजूला टेकडी, चालत गेलं की तलाव, आसपास कारखाना एकही नाही, घर घेताना 'इथली हवा बघा काय मस्त' असं सांगितलेलं. आणि तरी नोव्हेंबर लागला की पहाटे साडेपाचला फिरायला जाणाऱ्या बाबांना खोकला सुरू, मोबाईलवरचं अ‍ॅप सकाळी लाल आणि दुपारी तीनला हिरवं, पावसाळ्यात तर काही प्रश्नच नाही. मग हे टेकड्यांमुळे होतंय का आणि घर बदलावं का, असं ताईंनी विचारलंय.

मी हवा मोजायच्या धंद्यात आहे, म्हणजे स्टेशनवर मशीन बसवा, फिल्टर बदला, कॅलिब्रेशन करा आणि मग आलेल्या आकड्यांचा अर्थ लावत बसा. त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवतो.

टेकड्यांचा हात आहे, नक्की आहे. पण टेकड्या धूर तयार करत नाहीत. पुण्यातला धूर बघायला गेलं तर बाराही महिने थोड्याफार फरकाने तेवढाच असतो, तीच वाहनं, त्याच बेकऱ्या, तीच बांधकामं, तोच कोपऱ्यावर पेटवलेला कचरा. बदलते ती त्या धुराला पसरायला मिळणारी जागा. जमिनीपासून वर किती उंचीपर्यंत हवा ढवळली जातेय आणि आडवं वारं किती वाहतंय, या दोन गोष्टींचा गुणाकार केला की हवेचं ९० टक्के गणित सुटतं. डिसेंबरच्या पहाटे समजा हवा फक्त दीडशे मीटरपर्यंतच मिसळतेय आणि वारं सेकंदाला अर्धा-एक मीटर, म्हणजे जवळपास नाहीच, तर गुणाकार येतो पाऊणशे ते दीडशे. मे महिन्याच्या दुपारी तीच उंची अडीच हजार मीटरपर्यंत जाते आणि वारं चार मीटर, गुणाकार दहा हजार! शंभर पटीचा फरक आहे हा. अंदाजासाठी गोल आकडे घेतलेत पण खऱ्या आकड्यांचा हिशोबही याच्याच आसपास फिरतो. दिल्लीच्या हवेचं जे रोजचं बुलेटिन निघतं त्यात हाच गुणाकार देतात, सहा हजारांच्या खाली गेला आणि वारं ताशी दहा किलोमीटरपेक्षा कमी असलं की धूर पांगायला परिस्थिती प्रतिकूल, असं सरळ लिहिलेलं असतं. आपल्याकडे लोक फक्त एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघतात, हा आकडा कुणी बघत नाही, खरं तर उद्याची हवा कशी असेल ते यावरून जास्त कळतं.

आता तुमच्या पाषाणात रात्री काय होतं ते सांगतो. आकाश निरभ्र, वारं पडलेलं, हवेत बाष्प कमी, अशा रात्री जमीन आपली उष्णता वर भिरकावून देते आणि झपाट्याने गार होते, तिला चिकटलेली हवा गार होते, आणि गार हवा जड. टेकडीच्या उतारावरची ही जड हवा सरळ उताराने खाली वाहायला लागते, अगदी सावकाश, झाडाचं पान हलणार नाही इतकी सावकाश, आणि नाल्या-ओढ्यांच्या वाटेने खोलगट भागात येऊन साचते. तुमच्याकडे ती वाट म्हणजे रामनदी. बावधन, पाषाण तलाव, सुतारवाडी, सोमेश्वरवाडी करत औंधपर्यंत. हे मोजायला मशीन लागत नाही, रात्री उशिरा चांदणी चौकाकडून बाईकवर खाली पाषाणात उतरा, एका ठरावीक वळणानंतर गुडघ्यांना एकदम गारठा लागतो, वर येईपर्यंत जाणवत नव्हता तो. ज्यांनी थंडीत त्या रस्त्यावर गाडी चालवलीय त्यांना मी काय म्हणतोय ते बरोबर कळेल. एनडीए रोडला, खडकवासल्याकडे जातानाही हेच. पेपरात रोज छापून येतं ना, शिवाजीनगर, पाषाण, एनडीए इतके अंश आणि मगरपट्टा त्याच्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त, त्यातला बराचसा वाटा या साचलेल्या गार हवेचा आणि उरलेला पूर्वेकडच्या काँक्रीटचा.

एरवी आपण शिकलेलो असतो की वर जावं तसं थंड होतं, किलोमीटरला सहा-साडेसहा अंश. अशा पहाटे ते उलटं असतं, खाली गार आणि शे-दोनशे मीटर वर उबदार. याला इन्व्हर्जन म्हणतात. खालची हवा जड असल्यामुळे वर जायचं नाव घेत नाही, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं, आणि त्या झाकणाखाली रात्री दहापासून सकाळपर्यंत शहराने जे काही सोडलं ते सगळं जमा होत राहतं. डिसेंबरात कधी रविवारी पहाटे सिंहगडावर गेलात तर वरून बघा, शहर दिसतच नाही, एक करडा-तपकिरी थर दिसतो आणि गंमत म्हणजे त्याचा वरचा काठ फूटपट्टीने आखल्यासारखा सपाट असतो. त्याच्या वर निळं आकाश, एकदम स्वच्छ. वेताळ टेकडीवरूनही दिसतं. आणि कुठे कचरा पेटला असेल तर त्याचा धूर आधी सरळ वर जातो, मग एका उंचीला अडतो आणि आडवा पसरतो, तिथून वर जातच नाही. तो आडवा पट्टा जिथे सुरू होतो तिथे झाकण आहे असं समजा.

पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, वेताळ टेकडीचा माथा ८०० च्या आसपास. म्हणजे टेकडीच्या माथ्यावर पहाटे चालणारे लोक बऱ्याच दिवशी त्या थराच्या वर असतात आणि त्यांना खरोखरच बरी हवा मिळते. पण तलावाच्या कडेने चालणारे तुमचे बाबा त्या थराच्या बरोबर तळाशी आहेत. हिरवळ आहे, पक्षी आहेत, शांत आहे, त्यामुळे वाटतं हवा शुद्ध असणार. गारवा आणि शुद्धपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पुणेकरांना पटवणं फार अवघड जातं, 'पहाटेची ताजी हवा' हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय. थंडीच्या दिवसांत खोऱ्यातल्या शहरात पहाटेची हवा चोवीस तासांतली सगळ्यात शिळी हवा असते.

'मग टेकड्यांनी वेढलेलं शहर म्हणजे कायमचं संकट, आपली पण काठमांडू होणार' असं म्हणणारे खूप भेटतात, त्यांचं मला पटत नाही. पुणे बंद वाटी नाहीये. पश्चिमेला सह्याद्री, दक्षिणेला सिंहगड-कात्रज-बोपदेव-दिवे घाटाची रांग, मध्ये वेताळ, पर्वती, तळजाई, बाणेर अशा सुट्या टेकड्या, पण पूर्वेला मुळा-मुठा जिकडे वाहत जाते तिकडे मोकळं आहे. काठमांडू चौदाशे मीटरच्या खाली आणि भोवतीचे डोंगर दोन हजार ते पावणेतीन हजार, तिथे हवेला बाहेर पडायला वाटच अरुंद. अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी तर याहून वाईट, खाली बर्फ पडलेला, तो ऊन परत फेकून देतो, त्यामुळे जमीन तापत नाही आणि एकदा बसलेलं झाकण कधीकधी आठवडाभर उठत नाही.

आपल्याला वाचवतं ते आपलं ऊन. याचं कुणी कौतुक करत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो, दिल्लीत ३८ वर, सॉल्ट लेकला जेमतेम २६ वर. त्यामुळे आपल्याकडे नऊ-साडेनऊनंतर जमीन तापायला लागते, खालून हवा उचलली जाते आणि दहा-साडेदहापर्यंत थर फुटतो, दुपारी हजार-दीड हजार मीटरपर्यंत सगळं ढवळून निघतं. रोजच्या रोज पाटी कोरी. दिल्लीत हे होत नाही म्हणून कालचा धूर आज, आजचा उद्या असं साचत जाऊन चार-पाच दिवसांचा एपिसोड होतो. पुण्यात वाईट सकाळ असते, सलग वाईट आठवडा क्वचित. तुमच्या अ‍ॅपवर सकाळी लाल आणि दुपारी हिरवं दिसतं ते बिघाड नाही, ते बरोब्बर हेच आहे.

यातली एक खोच अशी की थर फुटायच्या सुमारास, म्हणजे साधारण साडेसात ते साडेनऊ, हवा आधी आणखी बिघडते आणि मग सुधारते. रात्रभरात थोडा धूर जमिनीपासून वर, थराच्या मध्यावर जाऊन अडकलेला असतो, ऊन लागून हवा ढवळायला लागली की तो आधी खाली येतो. आणि नेमकी हीच वेळ स्कूलबसची आणि ऑफिसच्या गर्दीची. त्यामुळे कुठल्याही हिवाळी दिवसाचा ग्राफ काढा, एक उंचवटा सकाळी आणि एक रात्री आठ ते अकराला, मध्ये दुपारी दोन-चारच्या सुमाराला खड्डा.

ढगाळ रात्रींचं मात्र वेगळं. डिसेंबरात कधी बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात काहीतरी होतं आणि पुण्यावर दोन-तीन दिवस ढग येतात, थंडी गायब होते, लोक वैतागतात, पण ढगांमुळे जमीन तितकी गार होत नाही, झाकण नीट बसत नाही आणि पहाटेची हवा बऱ्याचदा बरी निघते. म्हणजे थंडी कडाक्याची आणि आकाश लख्ख, की समजून जायचं उद्या सकाळी घरातच व्यायाम.

आता ऋतूंचं. पूर्वीच्या पद्धतीच्या हाय व्हॉल्यूम सॅम्पलरमध्ये आठ बाय दहा इंचाचा पांढरा फिल्टर पेपर असतो, मिनिटाला साधारण एक घनमीटर हवा त्यातून ओढली जाते, चोवीस तासांनी काढायचा, डेसिकेटरमध्ये ठेवून सुकवायचा आणि आधीच्या वजनाशी वजन ताडून बघायचं. वजन नंतरची गोष्ट, रंग बघूनच महिना सांगता येतो. डिसेंबरातला पेपर काळपट, बोट लावलं तर काजळीसारखा डाग, कारण जळण्यातून आलेलं बारीक कार्बन. एप्रिलातला मातकट तपकिरी, ती धूळ, रस्त्याची, खाणीची, उघड्या माळाची. जुलैतला फिकट राखाडी, कधीकधी तर वापरलाय की नाही अशी शंका यावी असा. आणि पावसाळ्यात पेपर दमट होऊन उगाच वजन वाढवतो, म्हणून तेव्हा सुकवण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

पावसाळ्याबद्दल सगळे म्हणतात पाऊस हवा धुतो. धुतो, पण अर्धंच खरं. पावसाचा थेंब मोठे कण, धुळीचे, चांगले उचलतो, पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा छोट्या कणांमधले, अगदी बारीक कण त्याला चुकवून निसटतात, आणि पुण्यातली टिपिकल रिपरिप तर त्या कामाला फारच दुबळी. शिवाय पावसाळ्यात ढगांमुळे हवा मिसळायची उंची उन्हाळ्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणजे झाकण खाली आलेलं असतं, तरी हवा वर्षात सगळ्यात चांगली! कारण गुणाकारातला दुसरा आकडा. जून ते सप्टेंबर घाट ओलांडून पश्चिमेचं वारं दिवसरात्र वाहत असतं, अरबी समुद्रावरून आलेलं, धूर तयार झाला की लगेच पुढे सोलापूरच्या दिशेने ढकलला जातो, आणि जमीन ओली असल्यामुळे धूळ उडत नाही. यातला वाऱ्याचा वाटा मी पावसापेक्षा जास्त मानतो. खात्री करायची असेल तर ऑगस्टात पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली की बघा, पाऊस नाही पण वारं आहे, बारीक कण फारसे वाढत नाहीत. वाढते ती फक्त धूळ, कारण बांधकामावरून निघालेल्या डंपरच्या टायरला लागून चिखल रस्त्यावर येतो, दोन दिवस ऊन पडलं की तो वाळतो आणि मागून येणाऱ्या गाड्या तो पीठ करून उडवतात. बालेवाडी, हिंजवडी, वाघोलीवाल्यांना सांगायला नको.

ऑक्टोबर हा फसवा महिना. मान्सून पुण्यातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो, पश्चिमेचं वारं पडतं आणि पूर्व-ईशान्येचं मंद वारं सुरू होतं. दिवाळी याच सांध्यावर येते, म्हणजे वारं गेलेलं आणि रात्रीचं झाकण नुकतंच बसायला लागलेलं. दिवाळी लवकर आली आणि पाऊस रेंगाळलेला असला तर तेवढ्याच फटाक्यांनी तितकं होत नाही, नोव्हेंबरच्या मध्यावर आली तर पहाटेचं अभ्यंगस्नान धुरातच. लोक म्हणतात यंदा फटाके कमी वाजले म्हणून हवा बरी होती. बऱ्याचदा यंदा वारं जास्त होतं एवढंच कारण असतं.

पूर्वेचं वारं आलं की आणखी एक गोष्ट होते. हडपसर-मांजरीच्या पलीकडे दौंड, शिरूर, बारामती हा सगळा उसाचा पट्टा, गळीत हंगाम सुरू झाला की ऊस तोडल्यावर शेतात राहिलेलं पाचट कित्येक ठिकाणी पेटवून देतात, गुऱ्हाळं असतात, वाघोलीकडच्या खाणी आणि क्रशर आहेतच. हे सगळं थंडीत दिवसा थोडंथोडं आपल्याकडे सरकतं. आणि रात्री उलट, नदीच्या उताराने गार हवा शहराचा धूर घेऊन मुंढवा, हडपसर, मांजरीकडे उतरते. म्हणजे पूर्वेच्या लोकांना दोन्हीकडून. पश्चिमेला महाग फ्लॅट आणि चांगली हवा, पूर्वेला स्वस्त आणि धूळ, असं जे बोललं जातं त्यात वाऱ्यापुरतं थोडं तथ्य आहे, पण पहाटेपुरतं बोलायचं तर पश्चिमेच्या खोलगट भागांनी फार ऐट करू नये.

थोडं दुसरीकडेही बघा, म्हणजे एकट्या पाषाणाचा प्रश्न नाही हे लक्षात येईल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बायपास खाली नवले पुलाकडे उतरतो, अवजड ट्रक एका बाजूने ब्रेक दाबत येतायत आणि दुसऱ्या बाजूने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढतायत, रात्रभर. त्याच उतारावरून गार हवाही खाली येते. पायथ्याला आंबेगाव, नऱ्हे, धायरी. टेकडीच्या कुशीतलं घर म्हणून जाहिरात केलेल्या सोसायट्या तिथे ढिगाने आहेत.

उन्हाळा आपल्याला वाटतो तितका वाईट नाही. धूळ दिसते, डोळ्यात जाते, गाड्यांवर बसते म्हणून वाटतं हवा बेकार, पण फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण डिसेंबरच्या मानाने बरेच कमी असतात, कारण दुपारी झाकणच नसतं. मार्च ते मे संध्याकाळी पुण्यात जी छान झुळूक येते ती समुद्राकडून घाट चढून आलेली असते, तिने तापमान उतरतं, दमटपणा वाढतो आणि हवा ताजी होते, पुण्याच्या उन्हाळी संध्याकाळींची जी ख्याती आहे ती या झुळकेची. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. एक वणवे, फेब्रुवारीपासून टेकड्यांवरचं वाळलेलं गवत पेटतं, किंवा पेटवलं जातं, आणि रात्रीच्या उताराच्या हवेने तो धूर थेट खालच्या सोसायटीत. दुसरा ओझोन, तो कुठून बाहेर सोडला जात नाही, गाड्यांच्या धुरातल्या वायूंवर कडक ऊन पडून हवेतच तयार होतो, त्यामुळे तो दुपारी जास्त असतो आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे भर चौकापेक्षा शहराबाहेरच्या हिरव्या भागात जास्त सापडतो, कारण चौकात गाड्यांचा ताजा नायट्रिक ऑक्साइड त्याला खाऊन टाकतो. दम्याच्या माणसाने एप्रिलात भर दुपारी पळायला जाऊ नये ते यासाठी. आणि मग वळीव येतो, धुळीचं वादळ होऊन तासभर आकडे गगनाला भिडतात आणि पाऊस झाला की साफ.

कधीकधी आपला काहीच दोष नसतो हेही आहे. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानाकडून धुळीचं वादळ समुद्रावरून मुंबई-पुण्यापर्यंत आलं होतं, सूर्य दुपारी चंद्रासारखा पांढरट दिसत होता, अशा दिवशी सगळ्या स्टेशनांवर एकदम आणि मुख्यतः पीएम १०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे धूळकण, वाढतो, त्यावरून ओळखायचं की माल बाहेरचा आहे.

अ‍ॅपबद्दल, कारण निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. सरकारी एक्यूआय चोवीस तासांच्या सरासरीवर निघतो, म्हणजे सकाळचा लाल आणि दुपारचा हिरवा एकत्र करून 'समाधानकारक'. बाबा मात्र सरासरी हवेत चालत नाहीत, साडेपाचच्या हवेत चालतात. म्हणून तासाचा आकडा बघा, आणि एक्यूआय नको, पीएम २.५ चे मायक्रोग्रॅम बघा. कारण तेच ५० मायक्रोग्रॅम भारतीय पट्टीवर साधारण ८३ येतात, समाधानकारक, आणि अमेरिकी पट्टी वापरणाऱ्या अ‍ॅपवर १३७, नाजूक लोकांसाठी घातक. हवा तीच. आपलं दिवसाचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर आणलं. आणि गॅलरीत लावायचे जे स्वस्त सेन्सर मिळतात ते लेझरने कण मोजतात, धुकं असलं की दमटपणाने फुगलेला कण आणि पाण्याचा थेंबसुद्धा त्यांना प्रदूषणच वाटतं. तलावाशेजारी जानेवारीच्या पहाटे असा सेन्सर ३०० दाखवत असेल तर त्यातला बराच भाग धुकं असू शकतं. मोठ्या स्टेशनवरच्या मशीनमध्ये आत येणारी हवा थोडी तापवून कोरडी करतात, म्हणून आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'सफर' या हवा मोजणाऱ्या नेटवर्कचं पाषाणचं स्टेशन बघणं जास्त बरं, तुमच्याच भागात आहे.

घर बदलायचं का? माझं मत, नाही. त्याच सोसायटीत वरचा मजला घेऊनही फार फरक नाही, बाराव्या मजल्याची उंची ३५-४० मीटर आणि थर शे-दीडशे मीटरचा, तुम्ही आतच आहात. वर रस्त्याची धूळ कमी येते, आवाज कमी येतो, एवढंच. फरक पडतो तो मोठ्या रस्त्यापासून शंभर-दोनशे मीटर आत असण्याने आणि शेजारी काय जळतंय त्याने.

त्यावरूनच, हे जरा चिडून लिहितोय. खोऱ्यातल्या शहरात किती धूर झाला याच्याइतकंच तो किती वाजता झाला हे महत्त्वाचं. दुपारी दोनला पेटवलेला पालापाचोळा दीड हजार मीटरमध्ये विरतो, तोच पहाटे पाचला पेटवला तर दीडशे मीटरमध्ये, म्हणजे दहा पट. आणि आपण काय करतो, रस्ते पहाटेच झाडतो, कोरड्या खराट्याने, सगळी धूळ झाकणाखाली उडवून. झाडलेला पाला तिथेच काडी लावून संपवतो. सोसायटीचा वॉचमन रात्रभर शेकोटीत लाकडाच्या ढलप्या, थर्माकोल, पॅकिंगचं प्लास्टिक जाळत बसतो कारण त्याच्या केबिनला दार नाही आणि हीटर द्यायचा खर्च कमिटीला जड जातो. दिवसा अवजड वाहनांना शहरात बंदी म्हणून रेडीमिक्सचे ट्रक आणि डंपर रात्री, हे ट्रॅफिकसाठी बरोबर असेल, हवेसाठी अगदी चुकीच्या वेळी. आणि उपाय म्हणून पाणी फवारणाऱ्या तोफा फिरवतात, दुपारी, फोटोला ऊन चांगलं असतं म्हणून असावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चार महिने जरी झाडलोट दहानंतर आणि ओल्या पद्धतीने केली आणि रात्रीची शेकोटी बंद करून वॉचमनला हीटर दिला, तरी तुमच्या गल्लीपुरता फरक मशीनवर दिसेल. शेकोटीचं तर पुढच्याच सोसायटी मीटिंगला मांडता येईल, त्याला महापालिका लागत नाही.

बाबांसाठी सरळ सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुपारी चार ते सहाच्या मध्ये चालावं, सहाच्या पुढे रेंगाळू नये, सूर्य कलला की झाकण परत बसायला लागतं. संध्याकाळ जमतच नसेल तर सकाळी दहानंतर, टोपी घालून. पहाटेच जायचा हट्ट असेल, आणि वडीलधाऱ्यांचा असतोच, तर ढगाळ दिवशी किंवा पानं हलतायत असं वारं असेल त्या दिवशी जाऊ द्या, आणि एन ९५ मास्क नाकावर नीट बसलेला हवा, कापडाचा नाही. मार्च ते मे पहाटेची वेळ ठीक आहे, टेकडीवर वणवा लागलेला नसला म्हणजे झालं. जून ते सप्टेंबर कधीही, फक्त घसरडं सांभाळून.

खिडक्यांचंही वेळापत्रक ठेवा. थंडीत बारा ते चार सताड उघड्या, संध्याकाळी सातनंतर बंद, आणि सकाळी उठल्याउठल्या उघडायची सवय मोडा, दहापर्यंत थांबा. उन्हाळ्यात नेमकं उलटं, दुपारी बंद आणि संध्याकाळची झुळूक आली की उघडा. बंद खिडक्यांत मच्छर कॉइल आणि धूप लावू नका, नाहीतर बाहेरच्यापेक्षा आत जास्त होईल, फोडणी देताना एक्झॉस्ट चालू ठेवा. एअर प्युरिफायर घेतलात तर बाबांच्या झोपायच्या खोलीत ठेवा, हॉलमध्ये ठेवून उपयोग नाही. आणि हे सगळं करून दोन-तीन आठवड्यांत खोकला कमी झाला नाही तर छातीच्या डॉक्टरांकडून फुंकायची टेस्ट, स्पायरोमेट्री, करून घ्या, कारण प्रत्येक थंडीत येणारा खोकला हवेचाच असतो असं नाही.